हिमसागरातील नायक

दक्षिण ध्रुवाभोवतालचा प्रदेश बारमाही बर्फाने आच्छादलेला असतो. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्याचे दर्शनही घडत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अनेक धाडसी पुरुषांना या प्रदेशाने भुरळ घातली. अर्नेस्ट शॅकल्टन हा त्यांपैकीच एक.

त्याचा जन्म १५ फेब्रुवारी १८७४ रोजी आयर्लंडमध्ये झाला. वडील डॉक्टर होते. परंतु मुलाचे चित्त समुद्राकडे ओढ घेई. सोळाव्या वर्षीच तो एका व्यापारी गलबतावर नोकरीस लागला. १९०१ साली निघालेल्या स्कॉटच्या मोहिमेतून त्याने प्रथम दक्षिण ध्रुवप्रदेश पाहिला.

पुढे त्याने स्वतःची मोहीम काढली. ९ जानेवारी १९०९ रोजी तो तीन सोबत्यांसह ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरांवर पोहोचला. तोपर्यंत कोणीही मनुष्य इतक्या दक्षिणेस गेला नव्हता. कीर्ती हाकेच्या अंतरावर उभी होती. पण शिधा संपत आला होता. पुढे जावे, तर परतीच्या वाटेवर सोबत्यांचे प्राण जाणार, हे त्याने ओळखले. मन घट्ट करून तो मागे फिरला. परतताना फ्रँक वाइल्ड हा सोबती फार अशक्त झाला, तेव्हा शॅकल्टनने आपल्या वाट्याचे बिस्किट त्याला दिले. चौघेही सुखरूप परतले. ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवण्याचा मान १९११ साली ॲमुंडसेनला मिळाला.

मग शॅकल्टनने ते हिमखंड पायी ओलांडण्याचा बेत केला. १९१४ साली ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून २८ जण निघाले. परंतु जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात रुतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्फाच्या दाबाने चिरडून बुडाले. मनातील बेत धुळीस मिळाला. शॅकल्टनने दुःख गिळले आणि सर्वांना जिवंत घरी नेणे हेच आपले नवे ध्येय ठरविले.

बर्फावर ओझे कमी करणे भाग होते. त्याने आपल्याजवळची सोन्याची नाणी प्रथम टाकून दिली. एका सोबत्याचा बँजो मात्र त्याने मुद्दाम राखून ठेवला. कारण अन्नाप्रमाणे उल्हासही माणसाला जगवितो. फरच्या उबदार पिशव्या सर्वांना पुरेशा नव्हत्या, म्हणून त्याने स्वतः साधी लोकरीची पिशवी घेतली. कुरकुर करणाऱ्यांना तो आपल्याच तंबूत निजवी.

एप्रिल १९१६ मध्ये तीन होड्यांतून सर्वजण निर्जन एलिफंट बेटावर पोहोचले. तेथे मदत येण्याची आशा नव्हती. वाइल्डवर बेटाची जबाबदारी सोपवून २४ एप्रिलला शॅकल्टन पाच जणांसह सुमारे सात मीटर लांबीच्या होडीतून निघाला. त्यांत बर्फावर एकदा त्याची आज्ञा मोडणारा सुतारही होता. त्याच्या हातचे कौशल्य शॅकल्टन विसरला नव्हता, आणि त्याची नाराजी मागे राहणाऱ्यांत पसरावी, हेही त्याला नको होते. पर्वतप्राय लाटांतून सुमारे १,३०० किलोमीटरांचा प्रवास करून ते दक्षिण जॉर्जिया बेटाला लागले. तेथून दोघांना बरोबर घेऊन शॅकल्टनने अनोळखी हिमपर्वत ३६ तासांत पार केला व देवमाशांच्या शिकाऱ्यांची वस्ती गाठली.

सुटकेचे तीन प्रयत्न बर्फाने हाणून पाडले. इकडे वाइल्ड रोज सकाळी सोबत्यांना सामान बांधून तयार राहण्यास सांगे. नायक येणारच, ही त्याची श्रद्धा ढळली नाही. अखेर ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिली देशाच्या ‘येल्चो’ या छोट्या जहाजातून शॅकल्टन आला. बेटावरील बावीसही जण जिवंत होते!

खंडाच्या दुसऱ्या बाजूस शिधा ठेवण्यास गेलेल्या त्याच्या तुकडीतील तिघे मात्र दगावले होते. उरलेल्यांना आणण्यासाठी विश्रांती न घेता तो तिकडेही गेला.

५ जानेवारी १९२२ रोजी, पुन्हा एका मोहिमेवर असता, दक्षिण जॉर्जियातच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्या मोहिमेत वाइल्ड व इतर काही जुने सोबती पुन्हा त्याच्याबरोबर आले होते. मार्च २०२२ मध्ये ‘एन्ड्युरन्स’चे अवशेष सुमारे ३,००० मीटर खोल समुद्रतळाशी सापडले.

शॅकल्टनला ध्रुव गाठता आला नाही, हिमखंडही ओलांडता आले नाही. पण ज्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला, त्यांच्या प्राणांपुढे त्याने आपली कीर्ती तुच्छ मानली. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा त्याच्यामागून जाण्यास सिद्ध झाले.