साखर कारखान्याच्या मॅनेजरची मुलगी, जिने शरीरातल्या साखरेचा हिशोब जगाला समजावून सांगितला

साल होतं १९२२. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात खाण्यापिण्याचे हाल होते. अशा वेळी प्रागमध्ये जन्मलेल्या आणि डॉक्टर झालेल्या गर्टी कोरी नवरा कार्ल यांच्यापाठोपाठ अमेरिकेतल्या बफेलो शहरात पोहोचल्या. दोघांनाही काम मिळालं ते कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या संस्थेत.

गर्टी यांचे वडील केमिस्ट होते आणि साखर कारखाने सांभाळायचे. पुढे मुलीचंही आयुष्य साखरेतच गेलं, पण ती साखर रक्तातली होती.

बफेलोत वरिष्ठांनी त्यांना बजावलं की नवऱ्यासोबत प्रयोग करणं थांबवा, नाहीतर नोकरी जाईल. दोघांनी एकत्र काम करणं सोडलं नाही.

१९२५ मध्ये त्यांनी एका बाजूच्या पंखाला कॅन्सरची गाठ असलेली कोंबडी घेतली. दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त तपासलं. गाठीकडून येणाऱ्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक अॅसिड जास्त निघालं. म्हणजे गाठ साखर अधाशासारखी खात होती. जर्मनीत ओटो वॉरबर्ग हेच सांगत होते, पण इथे ते जिवंत प्राण्याच्या शरीरात दिसलं.

मग प्रश्न आला, निरोगी शरीर साखरेचं काय करतं? १९२९ मध्ये उत्तर मिळालं. स्नायू साखर वापरून लॅक्टिक अॅसिड सोडतात, ते रक्तातून लिव्हरमध्ये जातं आणि लिव्हर त्याची पुन्हा साखर बनवतं. हेच ते 'कोरी चक्र', जे आजही मेडिकलच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

१९३१ मध्ये दोघं सेंट लुईसला गेले. कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टी यांना मात्र साधं संशोधकाचं पद आणि नवऱ्याच्या तुलनेत अगदी तुटपुंजा पगार मिळाला. प्रोफेसर व्हायला १९४७ साल उजाडलं. त्याच वर्षी कार्ल आणि अर्जेंटिनाचे बर्नार्डो हुसे यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला.

पण त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार असल्याचं कळलं. शरीरात रक्त नीट तयार होत नव्हतं. तरीही त्या दहा वर्षं प्रयोगशाळेत येत राहिल्या. १९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की लिव्हरमध्ये साखरेचा साठा अडकून राहण्याच्या एका आनुवंशिक आजारात एकच एन्झाइम गायब असतं. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचं निधन झालं.

आज याचा आपल्याशी काय संबंध?

कॅन्सर शोधणारं पेट स्कॅन गाठीच्या याच साखरेच्या भुकेवर चालतं. पीसीओएस असलेल्या अनेक जणींच्या शरीरात इन्सुलिनला नीट प्रतिसाद मिळत नाही, म्हणून ते जास्त बनतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुष हार्मोन बनवायला लावतं आणि पाळी अनियमित होते. अंडं वेळेवर सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो.

हे शोध पुढच्या पिढ्यांनी लावले. पण शुगर, पाळी आणि कॅन्सर हे तीन वेगळ्या डॉक्टरांचे विषय वाटत असले, तरी पेशीच्या आत त्यांचा हिशोब एकाच वहीत लिहिला जातो. ती वही वाचायला शिकवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत गर्टी कोरी होत्या.