बिनचूकपणाचा उपासक : हेन्री मॉड्स्ले

सायकलीचा एखादा स्क्रू हरवला म्हणजे आपण काय करतों? बाजारांत जातों, त्याच मापाचा दुसरा स्क्रू थोड्या पैशांत विकत आणतों, आणि तो जागच्या जागीं बसवून मोकळे होतों. यांत नवल करण्यासारखें कांहीं आहे असें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु सव्वादोनशें वर्षांपूर्वीं ही गोष्ट शक्य नव्हती. त्या काळीं प्रत्येक कारागीर आपल्या हातानें व आपल्या अंदाजानें मळसूत्राचे आटे पाडी. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या नटांत बसत नसे. यंत्र खोलतांना कोणता नट कोणत्या स्क्रूचा, याची खूण करून ठेवावी लागे. ती खूण चुकली कीं सगळाच घोटाळा होई. ही अंदाजाची रीत मोडून धातूच्या कामांत बिनचूकपणा आणण्यासाठीं ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें, त्या हेन्री मॉड्स्लेचें हें चरित्र आहे.

हेन्रीचा जन्म लंडनजवळ थेम्स नदीच्या कांठीं वुलिच या गांवीं २२ ऑगस्ट १७७१ रोजीं झाला. त्याचा बाप लष्करांत गाड्यांचीं चाकें करणारा कारागीर होता. लढाईंत जखमी झाल्यावर त्याला वुलिच येथील सरकारी शस्त्रागारांत कोठारावरची नोकरी मिळाली. १७८० सालीं बाप वारला, तेव्हां हेन्री आठ-नऊ वर्षांचा होता. आज ज्या वयांत आपण शाळेच्या बांकावर बसतों, त्या वयांत, म्हणजे बाराव्या वर्षीं, त्याला शस्त्रागारांत काडतुसें भरण्याच्या कामावर जावें लागलें. दोन वर्षांनीं त्याला सुतारखान्यांत घेतलें. पण त्याचें मन रंध्यापेक्षां लोहारशाळेंतील ऐरणीकडेच अधिक ओढ घेई. पंधराव्या वर्षीं तो लोहारकाम शिकूं लागला, आणि थोड्याच काळांत हातोडा व कानस चालविण्यांत त्याचें नांव झालें.

त्या सुमारास लंडनमध्यें जोसेफ ब्रामा नांवाचा एक कल्पक यांत्रिक होता. त्यानें १७८४ सालीं एका नव्या कुलुपाचें पेटंट घेतलें होतें. हें कुलूप जो किल्लीवांचून उघडील त्याला २०० गिनी बक्षीस, असें आव्हान पुढें त्यानें आपल्या दुकानाच्या खिडकींत लावलें. तें आव्हान १८५१ सालापर्यंत कोणालाहि जिंकतां आलें नाहीं. त्या वर्षीं एका अमेरिकन कारागिरानें अनेक दिवस खटपट करून, पन्नासाहून अधिक तास खर्चून, तें कुलूप उघडलें. परंतु एवढें उत्तम कुलूप बनवावें कसें, हीच ब्रामाची मोठी अडचण होती. त्याचे लहान लहान भाग इतके नाजूक कीं, हातानें कानस मारून ते करावयाचे म्हणजे कुशल कारीगरहि थके व खर्चहि फार येई. तेव्हां कोणी तरी वुलिचच्या तरुण लोहाराचें नांव सुचविलें.

हेन्री आला, पण त्याचें वय अवघें अठरा! त्यानें कोणत्याहि कारखान्यांत रीतसर सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती. अशा पोरसवदा माणसाला पट्टीच्या कारागिरांच्या शेजारीं कसें बसवावें, असा प्रश्न पडला. तेव्हां हेन्रीनें स्वतःच तोड सुचविली. तेथें एक झिजलेला जुना शेगडा पडला होता. काम घट्ट धरून ठेवण्याच्या या साधनाला कारखान्यांत व्हाइस म्हणतात. सायंकाळीं सहा वाजण्याच्या आंत मीं त्याच्या जबड्यांना नवें पोलाद बसवून तो नव्यासारखा करून दिला तर मला कामावर घ्याल काय, असें त्यानें विचारलें. सहा वाजण्यापूर्वींच शेगडा तयार झाला, आणि हेन्रीची नेमणूक झाली. हें १७८९ सालचें वर्तमान. शिफारसपत्रापेक्षां हातचें काम अधिक बोलतें, तें असें.

ब्रामाकडे त्यानें आठ वर्षें काढलीं. कुलुपाचे भाग करण्यासाठीं त्यानें अशीं यंत्रें रचलीं कीं, ते भाग एकसारखे व स्वस्तांत होऊं लागले. ब्रामाच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांत दट्ट्याभोंवतीं पाणी गळत असे. ती गळती चामड्याच्या वाटीनें बंद करण्याची युक्तीहि मॉड्स्लेचीच मानली जाते. तो कारखान्याचा मुख्य मिस्त्री झाला. १७९१ सालीं त्याचें लग्न झालें व संसार वाढूं लागला. आठवड्याला ३० शिलिंग पगार पुरेना, म्हणून १७९७ सालीं त्यानें थोडी वाढ मागितली. ब्रामानें ती नाकारली. हेन्रीनें नोकरी सोडली, आणि लंडनमधील ऑक्सफर्ड रस्त्याजवळ एक लहानसें दुकान भाड्यानें घेऊन स्वतंत्र धंदा मांडला. त्याला मिळालेलें पहिलें काम म्हणजे एका चित्रकाराच्या चित्रफलकासाठीं लोखंडी चौकट करणें हें होतें!

आतां त्याच्या मुख्य कार्याकडे वळूं. तें समजण्यासाठीं धातू कापतात कसा हें थोडें पाहिलें पाहिजे. कातारी लांकडाचा तुकडा फिरता ठेवून त्यावर हत्यार धरतो, व लांकडाचा कीस निघून वस्तु गोल होते. लेथवर लोखंडहि याच रीतीनें कातलें जातें. हत्यार कापावयाच्या धातूहून कठीण असावें लागतें. त्याची धार पाचरीसारखी असते. ती फार पातळ असली तर मोडते, आणि फार बोथट असली तर कापण्याऐवजीं घासत बसते. शिवाय तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो : काम किती वेगानें फिरतें, हत्यार एका फेऱ्यांत किती पुढें सरकतें, आणि तें धातूंत किती खोल शिरतें. या तिहींपैकीं एकीनें मर्यादा सोडली कीं धार जळते किंवा काम बिघडतें.

आणि या सर्वांच्या मुळाशीं एक अट आहे : हत्यार जराहि हलतां कामा नये. त्या काळीं साध्या लेथवर कामगार हत्यार हातांत धरून तें एका आधारावर दाबीत असे. धातूंत मऊ जागा आली कीं हत्यार आंत घुसे, कठीण जागा आली कीं तें वर उसळे. आणि मनुष्याचा हात तो, दोन प्रहरीं जितका स्थिर तितका सायंकाळीं नसे. मॉड्स्लेनें हत्यार माणसाच्या हातांतून काढून एका लोखंडी पकडींत घट्ट बसविलें. ही पकड सरळ पट्ट्यांवर, मूठ फिरविली कीं ठरल्या मापानेंच सरके. याला स्लाइड रेस्ट म्हणतात. पुढें त्यानें लेथच्या लांबीभर एक मुख्य मळसूत्र बसविलें आणि दांतेरी चाकांनीं त्याचा संबंध फिरणाऱ्या कामाशीं जोडला. समजा, मुख्य मळसूत्राला इंचांत १० आटे आहेत, व त्याच्या एका फेऱ्यांत काम दोन वेळां फिरतें. तर कामावर इंचांत २० आटे पडणार. चाकें बदललीं कीं आट्यांची संख्या बदलते. एकदां जुळणी झाली म्हणजे शंभर स्क्रू केले तरी शंभरहि सारखेच.

येथें सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही कल्पना सर्वस्वीं एकट्या मॉड्स्लेचीच होती असें नव्हे. रशियांत नार्तोव्ह, फ्रान्समध्यें व्होकांसाँ आणि इंग्लंडांतच रॅम्सडेन यांनीं त्याच्यापूर्वीं या दिशेनें पावलें टाकलीं होतीं. मॉड्स्लेचा मोठेपणा असा कीं, त्यानें या सर्व कल्पनांचा मेळ एका भक्कम लोखंडी यंत्रांत घातला, व तें रोजच्या कारखान्याच्या कामाला लावलें.

परंतु चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनांत येथें एक शंका येईल. यंत्र सरळ काम करतें तें त्याच्या पट्ट्या सरळ असतात म्हणून; स्क्रू बिनचूक होतो तो मुख्य मळसूत्र बिनचूक असतें म्हणून. मग पहिली सरळ पट्टी कोणीं केली? पहिलें मळसूत्र कोठून आलें? उत्तर असें कीं, तें मनुष्याच्या हातांनींच केलें. मॉड्स्लेनें मऊ धातूचा दांडा फिरता ठेवून त्यावर चंद्रकोरीसारखी धारदार सुरी ठराविक कोनांत तिरपी टेकविली. सुरी आपल्या तिरपेपणानेंच पुढें सरकत गेली व दांड्यावर आट्यांची रेघ उमटली. अशा मळसूत्रावरून दुसरें, त्यांतील चूक शोधून तिसरें, असें करीत तो शुद्धतेकडे गेला. त्यानें केलेलें एक मळसूत्र ५ फूट लांब व २ इंच जाड असून त्याला इंचांत ५० आटे होते. त्यावरचा नट १२ इंच लांब, म्हणजे त्यांत ६०० आटे! खगोलशास्त्राच्या उपकरणांवरील मापें आंखण्यास असल्या मळसूत्राचा उपयोग होई.

सपाट पृष्ठभागाविषयीं त्याचा असाच कटाक्ष होता. अगदीं सपाट केलेले धातूचे पाटे तो कामगारांच्या बांकांवर ठेववी, म्हणजे प्रत्येकाला आपलें काम त्यावर टेकवून पडताळतां येई. आणि सर्वांत शेवटचा निवाडा करण्यासाठीं त्यानें स्वतः एक मापयंत्र केलें होतें. त्याच्या स्क्रूला इंचांत १०० आटे होते, व स्क्रूच्या चकतीवर १०० भाग पाडले होते; म्हणून चकती एक भाग फिरली कीं इंचाचा दहा हजारावा हिस्सा मोजला जाई. इंग्लंडांतील सर्वश्रेष्ठ न्यायाधीशाच्या पदावरून त्यानें या यंत्राला लॉर्ड चॅन्सेलर असें नांव दिलें होतें. त्याच्या निकालावर अपील नव्हतें. मालकाचें काम असो कीं नवशिक्याचें, न्याय एकच.

या बिनचूकपणाचें सामर्थ्य जगाला पोर्ट्स्मथ येथील आरमारी गोदींत दिसलें. शिडांच्या जहाजांना दोर ओढण्यासाठीं लांकडी कप्प्या लागत. इंग्लंडच्या आरमाराला त्या वर्षाला सुमारें एक लाख लागत, आणि सर्व हातानें होत. मार्क इझंबार्ड ब्रुनेल यानें त्या यंत्रांनीं करण्याची योजना आंखली, सर सॅम्युएल बेंथॅम यांनीं तिला पाठिंबा दिला, आणि तीं यंत्रें मॉड्स्लेनें घडविलीं. १८०२ ते १८०८ या काळांत चाळीसांहून अधिक यंत्रें उभीं राहिलीं. ११० कुशल कारागिरांचें काम १० साधे मजूर करूं लागले, व वर्षाला १,३०,००० कप्प्या निघूं लागल्या. हा आंकडा वाचतांना आनंद वाटतो, तसा त्या उरलेल्या शंभर घरांचा विचारहि मनांत आल्यावांचून राहत नाहीं. यंत्र श्रम वांचवितें. पण वांचलेल्या श्रमाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं, तो समाजालाच सोडवावा लागतो.

१८१० सालीं मॉड्स्लेनें आपला कारखाना लंडनच्या लँबेथ भागांत नेला. तेथें आगबोटींचीं एंजिनें होऊं लागलीं. परंतु त्या कारखान्यांतून बाहेर पडलेला सर्वांत मोलाचा माल म्हणजे तेथें तयार झालेलीं माणसें. रिचर्ड रॉबर्ट्सनें १८१७ सालीं धातू रंधण्याचें यंत्र केलें. जोसेफ क्लेमेंटनें बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडविले. जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें, आणि पुढें तें सर्व इंग्लंडांत रूढ झालें.

जेम्स नेस्मिथची हकीकत तर मनोरंजक आहे. तो एडिंबरोच्या एका नामांकित चित्रकाराचा मुलगा. १८२९ सालीं तो बापाबरोबर लंडनला आला. फी भरून येणाऱ्या श्रीमंत उमेदवारांचा मॉड्स्लेला वाईट अनुभव आला होता, म्हणून त्यानें प्रथम नकार दिला. पण शिष्टाचार म्हणून कारखाना दाखविला. तें वैभव पाहून, मला भट्टींतली राख काढण्याचें काम दिलें तरी मी धन्य होईन, असें तो तरुण बोलून गेला. तें ऐकून मॉड्स्लेला तो मुलगा निराळा दिसला. दुसऱ्या भेटींत त्यानें नेस्मिथनें स्वतः केलेलें वाफेच्या एंजिनाचें प्रतिरूप बारकाईनें पाहिलें, आणि त्याला आपल्या स्वतःच्या हाताखालीं घेतलें. आठवड्याला १० शिलिंग पगारावर, स्वतः स्वयंपाक करून, बापाकडून एक पैहि न घेतां नेस्मिथ तेथें राहिला. वाफेच्या घणाची कल्पना पुढें त्यानेंच काढली.

मॉड्स्ले अंगानें धिप्पाड, स्वभावानें आनंदी व मनमोकळा होता. मोठा मालक झाल्यावरहि त्यानें कानस खालीं ठेवली नाहीं. काम हातीं घेण्यापूर्वीं त्याचें स्वरूप मनाशीं स्पष्ट करावें, नको असलेला धातूचा कणहि ठेवूं नये, आणि रचना होईल तितकी साधी करावी, ही त्याची शिकवण होती. १८३१ च्या आरंभीं फ्रान्सहून परततांना त्याला थंडी बाधली, व १४ फेब्रुवारी १८३१ रोजीं, साठावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो वारला. वुलिचच्या ज्या गांवांत तो काडतुसें भरीत असे, तेथील चर्चच्या आवारांत त्याला मूठमाती दिली. तेथलें बिडाचें स्मारक त्यानें आपल्या हयातींतच योजून ठेवलें होतें.

मुलाचे हात काळे होऊं नयेत म्हणून आपल्यांतील कित्येक पालक त्याला शाळेंत घालतात. परंतु ज्या प्रभूची आपण या शाळेंत रोज प्रार्थना करतों, तो नासरेथच्या सुतारखान्यांत वाढला, हें आपण विसरूं नये. काळे झालेले हात धुतां येतात. बेफिकिरीनें केलेलें काम धुऊन निघत नाहीं.

आणखी एक गोष्ट या चरित्रांतून घेण्यासारखी आहे, ती आम्हां वडील मंडळींसाठीं आहे. लेथवरचें काम पट्टीप्रमाणें उतरतें. पट्टींत केसभर वांक असला तर तो प्रत्येक कामांत उतरतो, आणि काम करणाराला तो दिसतहि नाहीं. मुलांच्या आयुष्याची पट्टी म्हणजे घरांत आईबाप आणि वर्गांत शिक्षक. म्हणून मॉड्स्लेप्रमाणें आपणहि इतरांचें काम तपासण्यापूर्वीं आपली पट्टी वारंवार पडताळून पाहावी, आणि जेथें वांक दिसेल तेथें स्वतःवरच कानस चालवावी.