अपघाताला नशीब न मानणारा डॉक्टर

उसाचा हंगाम आला की बिलोली परिसरातल्या सरकारी दवाखान्यांत रात्री धडकी भरते. नरसीच्या रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. डोक्याला जबर मार लागलेला तरुण येतो, आम्ही त्याला स्थिर करून नांदेडला पाठवतो. नातेवाईक कपाळाला हात लावून नशिबाला दोष देतात. सुरुवातीची काही वर्षे मीही तेच मानत असे. हा समज खोडून काढणारा माणूस एक डॉक्टरच होता, विल्यम हॅडन.

हॅडन यांचा जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. १९५३ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेऊन ते सार्वजनिक आरोग्याकडे वळले. डासामुळे मलेरियाचा जंतू शरीरात शिरतो, तशी वाहनामुळे शरीरात ऊर्जा शिरते आणि इजा होते, अशी त्यांची मांडणी होती. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. हाडे, मेंदू, यकृत यांची सोसण्याची मर्यादा मात्र तेवढीच राहते. म्हणून माणूस चुकणारच, हे गृहीत धरून त्या चुकीची शिक्षा मरण असू नये, अशी वाहने आणि रस्ते बांधायला हवेत.

१९६६ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना देशाच्या नव्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख नेमले. सीटबेल्ट आणि धक्का शोषणारा स्टिअरिंगचा दांडा यांसारख्या गोष्टी नव्या मोटारींत सक्तीच्या झाल्या. रस्त्यालगतचे अडथळे हटवणे, धडकताच मोडून पडणारे खांब, योग्य जागी कठडे, हे उपायही याच विचारातले.

त्यांचा तक्ता आजही शिकवला जातो. धडकेपूर्वी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर अशा तीन ओळी. माणूस, वाहन आणि परिसर असे स्तंभ. आमच्या ट्रॉलीचेच बघा. आधी: ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या, उभी करायला रस्त्याबाहेर जागा. धडकेच्या क्षणी: डोक्यावर पट्टा बांधलेले हेल्मेट. नंतर: १०८ ची रुग्णवाहिका आणि वेळेवर रक्त. यातले एक जरी घर भरले, तरी एखादा जीव वाचू शकतो.

हॅडन १९८५ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी गेले. त्यांचा विचार आपल्याकडेही खरा ठरला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी तिथे शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून धोक्याच्या जागा शोधणे, कठडे दुरुस्त करणे, वेगावर नजर ठेवणे आणि जखमींना लवकर मदत पोहोचवणे सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत हा आकडा शंभराच्या खाली आला. रस्ता तोच होता, माणसेही तीच होती.

ट्रॉलीमालकांनो, परावर्तक पट्टीला फार खर्च येत नाही. आज संध्याकाळी ट्रॉली बाहेर काढण्याआधी ती चिकटवा. रात्री दवाखान्यात येणारा तरुण तुमच्याच गावचा असू शकतो.