सव्विसाव्या वर्षी अक्षरं गिरवली, मग आश्रमभर पोरी सांभाळल्या : पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट

मुकुटबन : जूनच्या शेवटी शाळा उघडल्या की झरी-जामणी तालुक्यातल्या पोडांवरून, गावांतून पोरी पेटी, बादली अन् वळकटी घेऊन निवासी शाळेत जातात. माय-बाप फाटकापाशी थोडा वेळ घुटमळतात, मग गाडी पकडतात. ज्या बाईच्या हाती लेक सोपवून ते परत फिरतात तिला कागदावर अधीक्षिका म्हणतात, पोरी नुसतं मॅडम म्हणतात. रात्री कोणाला ताप आला, कोण रडून जेवली नाही, कोणाची पाळी पहिल्यांदाच आली अन् ती घाबरली, हे सगळं त्या एका बाईच्या डोक्यावर. हे काम आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी अगदी सुरुवातीला केलं त्यांच्यात पार्वतीबाई आठवले यांचं नाव येतं. पुस्तकांत धोंडो केशव कर्वे यांचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते असायलाच पाहिजे. पण पोरींच्या उशाशी जागणारी बाई कोण होती, हे फारसं कोणी सांगत नाही.

पार्वतीबाईंचा जन्म 1870 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखचा. माहेरचं आडनाव जोशी. घर ब्राह्मणाचं, पण श्रीमंती नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा महादेव आठवले साधी नोकरी करणारा. विसाव्या वर्षी तो वारला. पदरी एक लहान मुलगा, नारायण. मग पुढचं सगळं ठरलेलंच : केस काढले, लाल आलवण नेसवलं, आणि ती माहेरी परत आली. तिची थोरली बहीण गोदूबाई तर त्याच्या कितीतरी आधी, आठ-नऊ वर्षांची असतानाच विधवा झालेली होती. एकाच घरात अशा लेकी असल्या की आई-बापाची काय गत होत असेल, ते लेकीचा बापच जाणे.

या घरात एक भाऊ होता, नरहरपंत. तो मुंबईत शिकत होता आणि कर्व्यांचा मित्र होता. त्यानं गोदूबाईला मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं. हे सदन 1889 साली सुरू झालं आणि गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे 1893 साली कर्व्यांनी, त्यांची पहिली बायको वारल्यावर, याच गोदूबाईशी लग्न केलं. विधवेशी लग्न म्हणजे तेव्हा भूकंपच. कर्व्यांना त्यांच्या गावानं, मुरुडानं, वाळीत टाकलं. देवरुखच्या जोशांच्या घरीही त्याचे चटके बसलेच. गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या, सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत.

पार्वतीबाई पुण्याला बहिणीकडे आल्या तेव्हा त्यांचं वय सव्वीसच्या आसपास होतं आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा शाळेच्या वयाचा आणि आई पाटीवर अक्षरं गिरवतेय, असा तो प्रकार. हेतू साधा होता. पोराला शिकवायचं तर आपण कोणाच्या तरी दारी भाकरी थापत आयुष्य काढून भागणार नाही.

माळरानावरची झोपडी

कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. विधवा मुलींना शिकवून पायावर उभं करायचं, हा उद्देश. आधी मुली पुण्यातच राहत. पण पुण्यात प्लेग होता आणि लोकांच्या जिभाही होत्या. म्हणून 1900 साली आश्रम शहराबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथली सहा एकर जमीन दिली आणि तिच्यावर एक झोपडीवजा घर उभं राहिलं. आजूबाजूला माळ, झाडी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि काम आटोपलं की पायी हिंगण्याला येत. जाताना सामानसुमानही घेऊन जात.

ते पुरुषमाणूस, त्यातून दिवसभर पुण्यात. मग आश्रमात पोरींजवळ चोवीस तास कोण? इथे पार्वतीबाई आल्या. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर याही त्यांच्या जोडीला होत्या. या तिघींनी आश्रमाला आयुष्य दिलं.

इथे येणाऱ्या पोरी कशा होत्या, ते समजून घेतलं पाहिजे. कोणी बारा-तेरा वर्षांची, कोणी सतरा-अठराची. कोणाचा भाऊ चोरून आणून सोडायचा, कोणाचा सासरा भांडून परत न्यायला उभा. घरी तिला अपशकुनी म्हणून हिणवलेलं, एकवेळ जेवायची सवय लावलेली, सणावाराला माजघरात लपायला शिकवलेलं. अशी पोर एकदम दहा पोरींत आली की दोनच गोष्टी होतात : एक तर ती तोंडातून शब्द काढत नाही, नाहीतर सगळ्यांवर ओरडते. वसतिगृह सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल. फरक एवढाच की पार्वतीबाईंना हे कोणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या. विधवा पोरीला समजूत घालणाऱ्या बाईचंही डोकं केस काढलेलंच होतं.

आश्रमात नोकर-चाकर ठेवायला पैसा नव्हता. स्वयंपाक, झाडलोट, निवडणं-टिपणं पोरींनीच करायचं आणि वेळ काढून अभ्यास करायचा. असल्या ठिकाणी भांडणं कशावरून होतात? कोणी कामाची पाळी चुकवली, कोणाच्या पानात जास्त वाढलं, कोणाला घरून पत्र आलं अन् कोणाला आलं नाही. वरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतं. पण पंधरा वर्षांच्या पोरीला तेच सगळं जग असतं, आणि ते मिटवणारी बाई जर वाकडी वागली तर पोर आतून तुटते.

सगळ्यात अवघड भाग बाहेरच्या लोकांचा होता. तरुण विधवा एकत्र राहतात, शिकतात, आणि ज्यानं हे चालवलंय त्यानं स्वतः विधवेशी लग्न केलंय, एवढं पुरे होतं. आश्रमात पुनर्विवाह लावतात अशी ओरड व्हायची. एक अफवा पसरली की आई-बाप पोरींना घेऊन जाणार, देणग्या बंद होणार. म्हणून आश्रमानं नियम पाळला की इथे फक्त शिक्षण, लग्न जुळवण्याचं काम आश्रमाचं नाही. या नियमाचा सगळ्यात मोठा चटका बसला तो बाया कर्व्यांनाच. नवऱ्यानं उभारलेल्या आश्रमात, बहीण जिथे सगळं पाहते तिथे, पुनर्विवाहित म्हणून त्यांनाच अंतर राखावं लागलं. एक बहीण आत, एक बाहेर. हे योग्य होतं का, असा प्रश्न आज कोणालाही पडेल. बायांनी स्वतःच्या आत्मचरित्रात ते दुःख लपवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. सुरुवातीच्या काळात या आश्रमात ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. कुणबी, महार, गोंड, कोलाम यांच्या लेकींना तिथे दार नव्हतं. ते दार उघडायला वेगळी माणसं लागली. ज्योतिराव-सावित्रीबाईंनी पुण्यात अर्ध्या शतकाआधीच सगळ्यांसाठी शाळा काढल्या होत्या. आपल्या विदर्भात, नागपुरात, जाईबाई चौधरी यांनी 1922 साली चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. पार्वतीबाईंचं काम मोठं होतं, पण त्याचं अंगण लहान होतं.

झोळी आणि डोक्यावरचे केस

पोरी वाढल्या तसा खर्च वाढला. मग पार्वतीबाई आश्रमासाठी गावोगाव पैसा मागायला निघाल्या. ज्या बाईला सव्विसाव्या वर्षापर्यंत अक्षर येत नव्हतं ती आता सभेत उभी राहून भाषण करत होती. जुन्या वळणाच्या घरात त्यांना शिरकाव मिळायचा, कारण त्या आलवणात होत्या, केस काढलेले होते, सोवळं पाळत होत्या. लोकांना वाटायचं, ही आपल्यातलीच आहे, हिच्याकडे पोर ठेवायला हरकत नाही. म्हणजे तो वेशच आश्रमाची जामीनकी झाला होता.

आणि तोच वेश त्यांना आतून टोचत होता. ज्या पोरींना त्या ताठ मानेनं जगायला सांगत होत्या, त्यांच्यापुढे स्वतः दर काही दिवसांनी न्हाव्यासमोर बसायचं, हे कसं? वीसएक वर्षं केस काढल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ते बंद केलं. केस वाढू दिले. आज हे वाचताना यात काय एवढं, असं वाटेल. पण देणगीदार बिथरले असते तर पोरींच्या पानातली भाकर कमी झाली असती, आणि हा हिशेब त्यांच्याइतका कोणालाच कळत नव्हता. तरी त्यांनी केलं. टीका झाली, ती सोसली. आश्रम बंद पडला नाही.

गंमत अशी की याच बाई स्वतःच्या पुनर्विवाहाच्या बाजूच्या नव्हत्या, आणि बाईनं घर-संसार नीट सांभाळावा हे त्यांचं मत कायम राहिलं. सुधारक म्हटलं की सगळ्याच बाबतीत पुढे असं नसतं.

दरम्यान 1907 साली कर्व्यांनी लग्न न झालेल्या मुलींसाठी महिला विद्यालय काढलं, तेही पुढे हिंगण्यालाच आलं. 1916 साली महिला विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे त्या एका माळावर आता विधवा, कुमारिका, कॉलेजात शिकणाऱ्या, सगळ्याच वयाच्या पोरी. पार्वतीबाईंना एक खंत होती, इंग्रजी येत नाही. शिकायचा प्रयत्न त्यांनी अनेकदा केला, दरवेळी आश्रमाचं काम आड आलं. शेवटी 1918 साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. जवळ पैसा नाही, भाषा येत नाही. तिथे परक्यांच्या घरी भांडी घासली, घरकाम केलं आणि तसंच करत इंग्रजी शिकल्या. इकडे शेकडो पोरी जिला बाई म्हणून मान देत, ती तिकडे मोलकरीण होती. त्यांना त्याची लाज वाटली नाही, उलट ते सगळं त्यांनी पुढे मोकळेपणानं लिहून ठेवलं. 1920 साली परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांचं आत्मचरित्र 'माझी कहाणी' 1928 साली आलं आणि 1930 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं.

ज्या मुलासाठी त्या देवरुखातून निघाल्या होत्या तो नारायण शिकला आणि पुढे त्याच संस्थेच्या कामात आला. मात्र लहानपणी त्याची आई इतरांच्या लेकींपाशी जास्त होती. त्याच्या मनात काय आलं असेल, हे आश्रमशाळेत नोकरी करणाऱ्या अन् स्वतःची लेकरं गावी आजीकडे ठेवणाऱ्या बाया जास्त चांगलं सांगू शकतील.

बाया कर्वे 1950 साली गेल्या. पार्वतीबाई 1955 साली, पंच्याऐंशीच्या घरात असताना. कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं आणि 1962 साली, एकशे चार वर्षांचे होऊन, तेही गेले. हिंगण्याच्या त्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात. पुण्याची वस्ती कधीच त्याच्या पुढे गेली. संस्था आजही तिथे आहे आणि जून उजाडला की तिथल्या फाटकापाशीही माय-बाप पेटी घेऊन उभे असतात.