पॉल-लुई सिमों

पॉल-लुई सिमों (३० जुलै १८५८ – ३ मार्च १९४७) हे फ्रेंच वैद्यक व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. उंदरांवरील पिसवा प्लेगचा प्रसार करतात, हे त्यांनी मुंबई व कराची येथील संशोधनातून १८९८ साली दाखवले. पीतज्वराचा विषाणू डासाच्या शरीरात कसा टिकतो, या प्रश्नावरील त्यांचे काम मात्र त्यामानाने कमी परिचित आहे.

फ्रान्समधील द्रोम विभागात जन्मलेल्या सिमों यांचे वैद्यकीय शिक्षण बोर्दो येथे झाले. फ्रेंच गयानात कुष्ठरोग्यांमध्ये काम केल्यावर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले.

प्लेग

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. पुढील वर्षी अलेक्झांडर यर्सिन यांच्या जागी प्लेगवरील रक्तद्रव्याचे काम पाहण्यासाठी सिमों मुंबईत आले. साथ लवकरच आतील भागांत पोहोचली. नाशिकजवळच्या भगूर येथे १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांचे वडील तिला बळी पडले. घरझडती, विलगीकरण, निर्जंतुकीकरण या सरकारी उपायांचा रोख माणसांवर आणि त्यांच्या सामानावर होता. उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्यांत जावे, हे लोकांनी मात्र अनुभवाने ओळखले होते.

सिमों यांनी नेमका हाच धागा पकडला. एका लोकरीच्या कारखान्यात मेलेले उंदीर उचलणाऱ्या वीस मजुरांपैकी दहा जण तीन दिवसांत आजारी पडले. इतर कामगारांना काही झाले नाही. नुकताच मेलेला उंदीर घातक ठरतो, बराच वेळ मरून पडलेला ठरत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. शरीर थंड पडताच पिसवा ते सोडून जातात, हे त्याचे कारण होते. काही रुग्णांच्या अंगावर चाव्यासारखा फोड असे व त्यात प्लेगचे जंतू सापडत. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी पिसवा असलेला मरणासन्न उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जाळीच्या पिंजऱ्यातील निरोगी उंदीर स्पर्श होणार नाही अशा बेताने आत टांगला. काही दिवसांतच दुसरा उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र रोग पसरला नाही. तरीही अनेक वर्षे या निष्कर्षाची उपेक्षा झाली. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन व प्लेग आयोगाच्या संशोधनाने तो मान्य झाला.

पीतज्वर

१९०१ ते १९०५ या काळात सिमों यांनी एमिल मार्शू यांच्यासह रिओ दि जानेरो येथे पीतज्वराचा अभ्यास केला. बाधित मादीच्या अंड्यांतून वाढलेला डासही रोग देऊ शकतो, असा निष्कर्ष त्यांनी १९०५ मध्ये मांडला. तो एकाच यशस्वी प्रयोगावर आधारलेला होता आणि इतरांना तसाच परिणाम मिळेना, त्यामुळे तो संशयास्पद ठरला. एडिस इजिप्ती डासात हा विषाणू अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातो, याला १९७९ साली प्रयोगांतून दुजोरा मिळाला.

बाधित डास सहसा मरत नाही. विषाणू त्याच्या शरीरात आयुष्यभर वाढत राहतो. या वाढीला आवर घालण्यात डासाच्या जनुकांचा मोठा वाटा असतो. डायसर-२ या जनुकापासून बनणारे प्रथिन विषाणूच्या दुपदरी आरएनएचे बारीक तुकडे करते व त्यांच्या आधारे विषाणूचा उरलेला आरएनएही नष्ट केला जातो. हे जनुक निकामी असल्यास काय घडते, याचे उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. तेथील विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून पेशीवाण तयार केले. अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये त्यातून निवडलेल्या सी६/३६ या पेशींत डायसर-२ नीट कार्य करत नाही. त्यामुळे डेंग्यूसारखे विषाणू त्यांत भरघोस वाढतात, आणि रुग्णांच्या रक्तातून ते वेगळे करण्यासाठी या पेशी जगभर वापरल्या जातात.