परळच्या डॉक्टरांची गोळी आणि उंदराच्या मेंदूचा नकाशा

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडून तुम्ही दादरला उतरलात, की परळचं केईएम हॉस्पिटल फार लांब नाही. याच हॉस्पिटलात डॉ. रुस्तम जाल वकील काम करायचे. जन्म १९११ चा, पारशी कुटुंबातला. लंडनमध्ये डॉक्टरकी शिकून ते मुंबईत परतले.

तेव्हा हाय ब्लडप्रेशरवर धड औषधच नव्हतं. आपल्याकडे सर्पगंधेची मुळी मात्र वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. झोप येत नाही, डोकं ठिकाणावर नाही, तर सर्पगंधा द्यायचे. कोलकात्याच्या दोन डॉक्टरांनी १९३१ मध्येच त्यावर लिहिलं होतं. पण जगानं लक्ष दिलं नाही.

वकिलांनी काय केलं? ५० पेशंटना ते औषध दिलं, प्रत्येकाचं प्रेशर मोजलं, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर छापला. बस्स! पुढे बोस्टनच्या डॉक्टरांनीही हे औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता खरी गंमत ऐका. रेसरपिननं मेंदूतली निरोप नेणारी रसायनं, म्हणजे न्यूरोट्रान्समीटर, रिकामी होतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. ती असतात कुठे, हा पुढचा प्रश्न. स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदराच्या मेंदूचे तुकडे फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवले. मायक्रोस्कोपखाली मज्जातंतूंची टोकं चमकली! डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनलिन हिरवं, सेरोटोनिन पिवळं. रेसरपिन दिलेल्या उंदरात ती चमक गायब. म्हणजे चमकतंय ते हेच रसायन, याची खात्री पटली. १९६४ पर्यंत उंदराच्या मेंदूचा नकाशाच तयार झाला. पार्किन्सनचं आजचं औषधही याच वाटेवर सापडलं.

पण एक लक्षात ठेवा. रेसरपिननं काही पेशंट खूप उदास व्हायचे, म्हणून आज ते क्वचितच देतात. तेव्हा सर्पगंधा 'आयुर्वेदिकच आहे' म्हणून मनानं घेऊ नका.

वकील १९७४ मध्ये गेले. मुळी त्यांनी शोधली नव्हती, नकाशाही त्यांनी काढला नव्हता. त्यांनी नीट मोजलं आणि जसं दिसलं तसं लिहिलं. पुढच्या वेळी मित्राचं जर्नल बघून रीडिंग उतरवायला बसाल ना, तेव्हा हे ५० पेशंट आठवा.