विश्लेषण : दिवसभर एकट्यानेच बोलणारा समालोचक! बॉबी तल्यारखान यांनी माइक का सोडला?

सातारा-सांगलीकडच्या जत्रेतले कुस्ती मैदान निवेदकाच्या आवाजाशिवाय रंगत नाही. पैलवानाचे गाव, वस्ताद, डाव, सगळे तो सांगतो. क्रिकेटमध्ये हे काम भारतात रेडिओवरून सुरू केले ते ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांनी.

सुरुवात कशी झाली?

तल्यारखान यांचा जन्म १८९७ चा. १९३४ मध्ये मुंबईतील चौरंगी स्पर्धेत पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याचे समालोचन त्यांनी केले. टीव्ही नव्हता. मैदानाबाहेरच्या श्रोत्याला चेंडू दिसायचा तो त्यांच्या शब्दांतूनच. जेवण आणि चहाची सुट्टी वगळता ते दिवसभर एकटेच बोलत. सोबतीला दुसरा समालोचक त्यांना नको असे.

सांगलीचा संबंध काय?

पुढे चौरंगीची पंचरंगी झाली. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ असे धर्म-समाजावर बेतलेले संघ असल्याने महात्मा गांधींनी तिला विरोध केला. तरी गर्दी हटली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी ‘रेस्ट’च्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. तरीही संघ डावाने हरला. एकटा माणूस किती ओढणार, हा प्रश्न पुढे समालोचनातही आला.

माइक का सुटला?

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ प्रथमच भारतात आला. पाच कसोटी, रोज तासन् तास प्रक्षेपण. आकाशवाणीने तीन समालोचकांचे पथक नेमायचे ठरवले. तल्यारखान यांना ते मान्य नव्हते. ते बाजूला झाले. फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत ३६१ धावांचा पाठलाग करत होता. हजारेंनी १२२ धावा केल्या, पण विजय सहा धावांनी हुकला. असा थरार सांगायला तल्यारखान माइकपुढे नव्हते.

मग पुढे काय?

नंतर ते माइकपुढे क्वचितच परतले. वृत्तपत्रांतील स्तंभांतून मात्र त्यांनी अनेक वर्षे परखड मते मांडली. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

आज प्रत्येक सामन्यात समालोचक आळीपाळीने माइक घेतात. तल्यारखान यांनी नाकारलेली पद्धतच टिकली. पण भारतीय श्रोत्याला कानांनी क्रिकेट बघायची सवय लावली ती त्यांच्याच आवाजाने.